दर्या, दऱ्या आणि दुरुस्तीची नोंद

मांडवीच्या धक्क्याला आता प्रवासी आगबोट येत नाही. काळसर वाळू, संध्याकाळी फिरायला आलेली माणसे, उजव्या हाताला रत्नदुर्गाची टेकडी, डाव्या हाताला भाट्याच्या खाडीचे मुख. मुंबई-गोवा बोटींच्या काळात मात्र रत्नागिरीत शिरायचे दार हेच होते. बोट समोर खोल पाण्यात उभी राही आणि पडाव-मचव्यांतून उतारू किनाऱ्याला येत. मचव्यावरच्या तांडेलाला छापील नकाशाची गरज नव्हती. कुठला खडक कुठल्या भरतीला बुडतो हे त्याला बापाकडून कळलेले असे. बोटीच्या कप्तानाचे तसे नव्हते. त्याच्यापुढे या किनाऱ्याचा सागरी नकाशा पसरलेला असे. त्या नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून या लेखाला सुरुवात करायची आहे.

सागरी नकाशा सर्वेक्षण करून, ताम्रपटावर कोरून छापायला वर्षे लागत. समुद्र तेवढा थांबत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकतो, दीपगृहाच्या दिव्याची उघडझाप बदलते, एखादे गलबत बुडून त्याचा सांगाडा वाटेत आडवा पडतो. दर वेळी नवा नकाशा छापणे अशक्य. म्हणून ब्रिटिश आरमाराच्या नकाशा खात्याने एकोणिसाव्या शतकातच ‘नाविकांसाठी सूचना’ काढायला सुरुवात केली. आज भारतीय किनाऱ्यासाठी हे काम देहरादूनचे नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय करते आणि सूचना पंधरवड्याने निघतात. बोटीवरचा अधिकारी ती सूचना वाचतो, जांभळ्या शाईच्या बारीक टाकाने जुन्या नकाशावर तेवढाच बदल करतो आणि मग खालच्या डाव्या कोपऱ्यात त्या वर्षाखाली सूचनेचा क्रमांक लिहितो. नकाशाची छपाईची तारीख वीस वर्षांपूर्वीचीच राहते. तपासणीला आलेला जाणकार नुसत्या तारखेवर थांबत नाही, त्याचे बोट कोपऱ्यातल्या आकड्यांवरून फिरते.

इथे दोन कामे आहेत. एक, नव्याने कळलेली दुरुस्ती जुन्या कागदावर नेणे. दुसरे, ती नेली याची नोंद करणे. खुल्या स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कुणालाही वाचता आणि बदलता येते अशा प्रणालींमध्ये, पहिल्या कामाला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘चेंजलॉग’. (या ‘पोर्ट’चा बंदराशी संबंध नाही, तो ‘वाहून नेणे’ या अर्थाचा, मांडवीत बसून हे सांगून टाकलेले बरे.) ही दोन कामे नीट झाली नाहीत तर काय होते, आणि आपल्या मराठी अक्षरांचे त्यात काय गुंतले आहे, हे पाहण्याजोगे आहे.

पहिली शंका साहजिक आहे. छापखान्याची अडचण नसताना जुन्या आवृत्तीला ठिगळे कशाला? सरळ नवी आवृत्ती का घेऊ नये? उत्तर पुन्हा नकाशातच सापडते. नवा नकाशा वेगळ्या प्रमाणाचा किंवा वेगळ्या आधारमापनाचा निघाला, तर जुन्या नकाशावर आखलेले मार्ग त्यावर जुळत नाहीत. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत एका दोषाच्या दुरुस्तीबरोबर शंभर नव्या गोष्टी येतात. एखाद्या आज्ञेचा अर्थ बदललेला असतो, एखादी जुनी सोय काढलेली असते. बँकेची शाखा, रुग्णालय, सरकारी कचेरी यांचे रोजचे काम ज्या प्रणालीवर बसलेले असते, तिच्याखालची जमीन त्यांना हलवायची नसते. त्यांना फक्त ते एक भोक बुजवून हवे असते. आंबा उतरवताना झाड हलवत नाहीत, झेल्याने तयार झालेला तेवढाच फळाचा देठ तोडतात. २००५ पासून वापरात असलेल्या ‘गिट’ या साधनात या कामासाठी जी आज्ञा आहे तिचे नावही असेच आहे, ‘चेरी-पिक’. तिला सांगितले तर कुठल्या मूळ बदलावरून हा बदल उचलला याची ओळही ती आपोआप लिहून ठेवते.

नोंदीची गरज अर्थात संगणकाने शोधलेली नाही. आपल्याकडे याचे मोठे उदाहरण पैठणचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर पाठभेद इतके मिसळले होते की मूळ कोणते आणि भर कोणती हे कळेना. काम संपल्यावर त्यांनी शेवटी काही ओव्या लिहिल्या. त्यांत शक आहे, संवत्सराचे नाव आहे, शुद्ध करणाऱ्याचे नाव आहे, दुरुस्ती का करावी लागली ते कारण आहे, आणि पुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीदही आहे. आजच्या भाषेत आवृत्ती, तारीख, सांभाळणारा, कारण आणि सहभागाचा नियम, सगळे एका ठिकाणी. नाही ते एकच: कुठली ओवी बदलली, आधी ती कशी होती, हे त्यांनी सांगितले नाही. पोथीच्या युगात ती अपेक्षाच अवास्तव होती. पण त्या न सांगण्याची किंमत पुढच्या अभ्यासकांनी मोजली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून कोणता पाठ नाथांच्या आधीचा हा वाद चालला आहे. नोंद होती, फरक नव्हता.

फरक लिहून ठेवण्याचे साधन १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाले. डग्लस मॅक्‌इलरॉय यांच्या ‘डिफ’ या छोट्या आज्ञेने दोन फायली ओळीओळीने ताडून नेमक्या कुठल्या ओळी गेल्या आणि कुठल्या आल्या एवढेच छापून देता येऊ लागले. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी त्याची उलट बाजू पुरी केली. त्यांच्या ‘पॅच’ या आज्ञेला फरकाचा कागद दिला की ती जुन्या फायलीवर तो बदल चढवून देई, आणि मूळ फाईल थोडी वेगळी असली तरी आजूबाजूच्या ओळी पाहून जागा शोधून काढी. पॅच म्हणजे ठिगळच. जुन्या आवृत्तीवर नवी दुरुस्ती नेणे सामान्य कार्यकर्त्याच्या आवाक्यात आले ते या दोन साधनांमुळे. त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पात ‘चेंजलॉग’ नावाची फाईल ठेवायची शिस्त रूढ झाली: तारीख, बदल करणाऱ्याचे नाव, फाईलचे नाव, त्यातल्या भागाचे नाव आणि काय बदलले ते. का बदलले याचे स्पष्टीकरण मात्र आज्ञावलीतच टिपेत लिहावे, असा त्यांचा दंडक. मला हा दंडक कधीच पटलेला नाही. काय बदलले ते फरकावरून दिसतेच, पुढच्या माणसाला ‘का’ हवे असते.

१९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने या वहीला घट्ट रूप दिले. डेबियन म्हणजे हजारो स्वतंत्र प्रकल्पांतून आलेली सॉफ्टवेअरची पाकिटे एकत्र बांधून, तपासून वापरायला देणारी स्वयंसेवकांची संघटना. त्यांच्या प्रत्येक पाकिटात स्वतःचा चेंजलॉग असतो आणि तो ठरलेल्याच साच्यात लिहावा लागतो. आवृत्तीचा क्रमांक, निकड किती, काय केले, कुठल्या तक्रारीचा क्रमांक यामुळे मिटला, आणि शेवटी नाव, पत्ता, तारीख, वेळ. साचा चुकला तर पाकीट बांधलेच जात नाही. हा हिशेबी कडवेपणा मला कोठीच्या कारकुनासारखा वाटतो, आणि तो कौतुकाने. स्थिर म्हणून जाहीर झालेल्या आवृत्तीत नवे काही घालायचे नाही, फक्त दोष दुरुस्त करायचे, हा त्यांचा दुसरा नियम. (या आवृत्त्यांची नावे एका चित्रपटातल्या खेळण्यांवरून ठेवतात. बाराव्या आवृत्तीचे नाव ‘बुकवर्म’, म्हणजे आपली पोथ्यांतली कसर.) रेड हॅट या कंपनीने २००२ पासून काढलेल्या व्यावसायिक आवृत्त्यांचा पायाही हाच: एकदा दिलेली आवृत्ती पुढे दहा वर्षांपर्यंत ठिगळे लावून सांभाळायची. त्या सांभाळण्यातले बरेच काम पुण्यात होत आले आहे.

लिनक्सच्या गाभ्यासाठी अशी सांभाळलेली शाखा मार्च २००५ मध्ये सुरू झाली. तिचे नियम एका पानात मावतात. दुरुस्ती लहान असावी, संदर्भाच्या ओळींसकट शंभर ओळींपेक्षा मोठी नको. माणसांना खरोखर भेडसावणाऱ्या दोषाचीच असावी. आणि ती आधी मुख्य शाखेत गेलेली असावी. हा शेवटचा नियम वरवर पाहता उलटा वाटतो. जुन्यातले भोक आधी जुन्यात का बुजवू नये? कारण फक्त जुन्यात बुजवलेले भोक नव्या आवृत्तीत तसेच राहते, आणि पुढे जुने वापरणारा नव्याकडे वळतो तेव्हा दुखणे परत येते.

चेंजलॉग नुसता असून भागत नाही, तो कुणीतरी वाचावा लागतो. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ पाकिटात एक बदल झाला. हे सॉफ्टवेअर संगणकांमधला मजकूर कुलूपबंद करण्याच्या किल्ल्या बनवते. तपासणीच्या साधनाकडून येणाऱ्या इशाऱ्यांना कंटाळून सांभाळणाऱ्याने एक ओळ निकामी केली. त्या ओळीबरोबर यादृच्छिकतेचा जवळपास सगळा साठाच गेला. मोजून ३२,७६८ प्रकारच्या किल्ल्या शक्य राहिल्या. चोराने एकेक लावून पाहिली तरी काही तासांचे काम. मे २००८ मध्ये हे उघड झाले. वीस महिने हा बदल चेंजलॉगमध्ये साध्या भाषेत, तक्रारीच्या क्रमांकासकट, सर्वांच्या डोळ्यांसमोर लिहिलेला होता. पण तीच नोंद उलट्या बाजूने कामी आली. दोष कुठल्या पाकिटापासून सुरू झाला, कुठल्या तारखेनंतर बनलेल्या किल्ल्या टाकून द्यायच्या, हे एका दिवसात सांगता आले.

सहा वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेले भोक सापडले. या वेळी चूक मूळ प्रकल्पातलीच होती. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष, १.०.१जी मध्ये दुरुस्ती. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, अशी अवस्था. डेबियन आणि रेड हॅट या दोघांच्याही तेव्हाच्या आवृत्तीत १.०.१ई होती. दोघांनीही नवी जी आवृत्ती घेतली नाही. त्यांनी दुरुस्तीच्या तेवढ्या ओळी ‘ई’वर नेल्या आणि क्रमांकाला शेपटी जोडली. डेबियनची शेपटी ‘डेब ७ यू ५’ अशी होती, म्हणजे सातव्या आवृत्तीसाठी पाचवी सुधारणा. इथे गंमत सुरू झाली. क्रमांक पाहून निर्णय देणाऱ्या तपासणी-साधनांना आणि ती चालवणाऱ्या लेखापरीक्षकांना ‘ई’ म्हणजे सदोष एवढेच माहीत. दुरुस्त झालेल्या यंत्रांवर लाल शेरे पडले. आजही बॅकपोर्ट केलेल्या यंत्रांना असे शेरे पडतात आणि व्यवस्थापकाला चेंजलॉगची ओळ छापून पुरावा द्यावा लागतो. छपाईची तारीख पाहणारा आणि डावा कोपरा पाहणारा यांच्यातला हा फरक आहे. दोषांना सर्वत्र एकच ओळखक्रमांक देण्याची ‘सीव्हीई’ पद्धत १९९९ मध्ये सुरू झाली होती म्हणून बरे. वेगवेगळ्या वितरणांच्या वेगवेगळ्या शेपट्यांखाली तोच एक क्रमांक सापडतो. सूचनेचा क्रमांक म्हणा ना.

आता दर्याकडे वळू. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मराठी वाचणाऱ्याला यांत गोंधळ होत नाही. पहिल्यात य वर रफार चढतो, दुसऱ्यात य च्या आधी आडवी चंद्रकोर येते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर एक विद्वान आहे आणि दुसरा स्वयंपाकी. हिंदीला हा भेद लागत नाही. त्यामुळे देवनागरी संगणकावर आणताना ही चंद्रकोर कशी लिहायची हा मराठीचा खास प्रश्न झाला.

भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून पक्के झाले. युनिकोडची देवनागरी त्याच्याच आधाराने बेतली गेली. युनिकोडच्या २.० आवृत्तीत चंद्रकोरीसाठी एक वाट होती: र, त्याला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्ह-वर्ण. पुढे इस्कीशी मेळ घालण्यासाठी दुसरी वाट मुख्य ठरली: मुळात द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी असलेला, नुक्ता दिलेला ऱ, आणि त्याला हलन्त. पहिली वाट बंद करता येईना, कारण तिने लिहिलेला मजकूर आधीच जगात होता. म्हणून जुन्याशी सुसंगती राहावी एवढ्यासाठी ती ठेवली, आणि नियमात तसे स्पष्ट लिहिलेही. परिणाम असा की आज पडद्यावर अगदी सारखे दिसणारे ‘दऱ्या’ हे दोन शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असतात. एका वाटेने लिहिलेला शब्द दुसऱ्या वाटेने शोधला तर, शोधणाऱ्या प्रणालीला वेगळी समज दिलेली नसेल तर, सापडत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत ‘वाऱ्यावर’, ‘साऱ्या’, ‘कोऱ्या’ असे शब्द असलेली पुस्तके या फटीत पडू शकतात. ती गेली असे कुणाला कळतही नाही, कारण जे सापडले नाही ते नव्हतेच असे वाचक धरतो.

या दोषाची दुरुस्ती एका जागी होत नाही. फाँटमध्ये ते रूप हवे. अक्षरांची जुळणी करणाऱ्या प्रणालीत (हे काम आता बहुतेक ठिकाणी ‘हार्फबझ’ नावाचे खुले सॉफ्टवेअर करते) नियम हवा. कळफलकावर ऱ हाताशी हवा. इनस्क्रिप्टमध्ये तो र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतो, पण हे किती टंकलेखकांना सांगितले गेले आहे? आणि शोधात दोन्ही वाटा एक मानण्याची समज हवी. चारही ठिकाणच्या आवृत्त्या वेगळ्या, सांभाळणारे वेगळे. नव्या प्रणालीत चारही सुधारले, आणि जुन्या यंत्रावर त्यांपैकी फाँट तेवढा नेला, तर दिसते बरोबर आणि सापडत मात्र नाही. अर्धा बॅकपोर्ट हा न केलेल्यापेक्षा अधिक फसवा.

खुल्या स्रोतात मराठीसाठी उपयोगी पडलेला पहिला मोठा फाँट-परिवार ‘लोहित’. त्याची अक्षरे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. रेड हॅटने २००४ मध्ये ती खुल्या परवान्याखाली उपलब्ध केली आणि सप्टेंबर २०११ मध्ये फाँटांसाठी अधिक सोयीच्या परवान्याखाली आणली. लोहित म्हणजे तांबडा; कंपनीच्या टोपीचा रंग नावात आला. फेडोरा या वितरणात लोहित हिंदी आणि लोहित मराठी अशी वेगळी पाकिटे होती, कारण पाकळीचा ल आणि देठाचा श मराठी वाचकाला हवा असतो. एकच अक्षर, एकच संकेत, आणि भाषेप्रमाणे रूप वेगळे. एका पाकिटात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात नेली का, हे पाहायला कुठल्या तरी वहीत नोंद लागते, आणि ती आहे.

ॲ ची कथा याहून सरळ आहे. ‘ॲप’, ‘ॲड’ लिहायला मराठीला हा स्वर लागतो, हिंदीला ऍ चालतो. युनिकोडमध्ये ॲ ला स्वतःची जागा मिळाली ती ५.१ आवृत्तीत, २००८ साली. पुढच्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ रोजी, महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला आणि ॲ, ऑ तीत बसवले. निर्णय कागदावर झाला, पण २००८ पूर्वी तयार झालेल्या फाँटांत या संकेताला चित्रच नव्हते. जुन्या यंत्रावर ॲ च्या जागी रिकामी चौकट दिसे. म्हणून लोक ऍ लिहीत राहिले, किंवा अ वर चंद्र देत राहिले. आजही एकाच वृत्तपत्राच्या संग्रहात हे तिन्ही प्रकार सापडतात. रुपयाच्या चिन्हाचे भाग्य थोर. १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने ₹ स्वीकारले, ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये ते आले, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ७ साठी त्याची स्वतंत्र दुरुस्ती काढली. पैशाच्या चिन्हासाठी जुन्या प्रणालीला ठिगळ लावायला सगळे धावले. स्वराला तेवढे नशीब नव्हते.

भाषांतरांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेस्कटॉपवरच्या मेनूंची मराठी भाषांतरे इंग्रजी वाक्यांना बांधलेली असतात. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द जरी बदलला तरी त्याचे मराठी ‘शंकास्पद’ ठरते आणि पडद्यावर पुन्हा इंग्रजी दिसू लागते. म्हणून ग्नोमसारखे प्रकल्प आवृत्ती जाहीर होण्याआधी ‘वाक्ये गोठवतात’. त्यानंतर जुन्या शाखेत नेलेल्या दुरुस्तीने दिसणारा मजकूर बदलायचा नाही. जर्मन किंवा फ्रेंच भाषांतरकारांची फौज असते, ते दोन दिवसांत भरून काढतात. मराठीचे काम दोन-चार माणसांवर चालते. त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे केलेले काम वाहून न जाण्याची हमी.

नोंद आहे म्हणजे विश्वास ठेवावा असेही नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावरचे प्रवेशकाम अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे जाणवले आणि त्या धाग्यावरून ‘एक्सझेड’ या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने ‘जिया टॅन’ या नावाने दोनेक वर्षे निरुपद्रवी दुरुस्त्या केल्या, एकट्या पडलेल्या आणि थकलेल्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला आणि वहीची किल्ली स्वतःकडे घेतली. दरवाजा उघडणारा तुकडा खुल्या नोंदवहीत नव्हताच. तो वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातला होता. सदोष आवृत्त्या ५.६.० आणि ५.६.१. डेबियनच्या स्थिर बुकवर्ममध्ये ५.४.१ होती, म्हणून ती वाचली. जुन्यालाच धरून बसणाऱ्यांना मागासलेले म्हणणारे त्या आठवड्यात गप्प होते. कच्च्या, पुढे धावणाऱ्या शाखेत मात्र माल शिरला होता आणि तिथून मागे यायचे तर अडचण अशी की क्रमांक कमी करता येत नाही. यंत्रे मोठा क्रमांकच नवा मानतात. मग डेबियनने पाकिटाला नाव दिले: ‘५.६.१ + रियली ५.४.५’. म्हणायला ५.६.१, खरे तर ५.४.५. क्रमांकाने खोटे बोलायचे आणि त्याच क्रमांकात ते खोटे असल्याचे लिहून ठेवायचे. असा प्रामाणिक कारकून विरळा.

थकलेला एकटा सांभाळणारा ही यातली सर्वांत अवघड बाब आहे. जुन्या आवृत्तीवर दुरुस्ती नेणे हे निरस काम आहे. नवे काही निर्माण होत नाही, नाव होत नाही, आणि चूक झाली तर तेवढी लक्षात राहते. डेबियनने २०१४ मध्ये जुन्या आवृत्त्या पाच वर्षांपर्यंत सांभाळण्याची व्यवस्था सुरू केली, तेव्हा तिच्यासाठी कंपन्यांकडून पैसे गोळा करून काम करणाऱ्यांना तासाप्रमाणे मोबदला देण्याची तजवीज झाली. स्वयंसेवेवर अभिमान असलेल्या मंडळींना ते सहज पचले नाही. माझ्या मते ते योग्यच झाले. मराठीच्या फाँटांना, कळफलकांना, शब्दतपासणीला अशी व्यवस्था नाही. ज्या संस्थांच्या रोजच्या छपाईत आणि कचेरीत ही साधने फुकट वापरली जातात, त्यांनी एखाद्या माणसाचा पगार उचलला तर तो उपकार ठरणार नाही.

आणि दिवाळी अंकांचा विषय इथे येतोच. १९९० नंतरची वीस-एक वर्षे मराठी अंक ज्या फाँटांत जुळवले गेले, त्यांतले बहुतेक युनिकोडचे नव्हते. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने मराठी तुकडे बसवले होते. त्यांच्याही आवृत्त्या बदलत, तुकड्यांच्या जागा सरकत, पण त्याची खुली वही नव्हती. आज त्या काळातली फाईल उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. तो उलटवायला कुणीतरी छापील अंक शेजारी ठेवून एकेक संकेत ताडत बसतो, आणि त्याच नावाच्या फाँटच्या नंतरच्या आवृत्तीत जुळवलेला पुढचा अंक हाती आला की तीच जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. लोहितच्या २००४ नंतरच्या बदलांसाठी हे करावे लागत नाही. डेबियनच्या कुठल्याही यंत्रावर पाकिटांच्या दस्तऐवजांच्या कप्प्यात त्या त्या पाकिटाच्या नावाखाली चेंजलॉगची दाबून ठेवलेली फाईल असते. ती उघडली की सर्वांत वर अलीकडची नोंद, मग त्याआधीची, प्रत्येक नोंद नाव, तारीख आणि ग्रिनिचपासूनचे तासांचे अंतर यांसह.